डाव्या बाजूचं कव्हर

ताई, तुझ्या बाराव्याला आलेल्या माणसांनी तुझ्याबद्दल जे जे सांगितलं, त्यातलं निम्मं मी मनातल्या मनात खोडत बसलो होतो. एक गृहस्थ म्हणाले, नर्सबाईंनी अडलेल्या बाईला मोटारसायकलवर मागे बसवून भर पावसात संगमेश्वरला नेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तू असतीस तर त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं असतंस. मला तू एकदा सांगितलं होतंस, "पोटुशी बाई गाडीवर बसवायला मला काय वेड लागलं होतं? तिला झोपवून ठेवली, सासूला शेजारी बसवली आणि मी जाऊन जीप आणली. कौतुक करायचं तर त्या जीपवाल्याचं करा, तो चिखलात उतरला." पण लोकांना जीप नको असते. त्यांना तू हवी असतेस, पदर खोचलेली, हँडलवर वाकलेली.

म्हणून तुझ्या नोकरीबद्दल मी लिहिणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते आपल्या शेवटच्या पाच महिन्यांबद्दल, माझ्या शेडमधल्या. आणि तू मला एक गोष्ट सांगितली होतीस, तिचं उत्तर द्यायचं राहिलंय. तू समोर बसलेली असताना द्यायला हवं होतं. दिलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तू भाट्याहून टेम्पोत घालून तुझी मोटारसायकल मिरजोळ्याला माझ्या शेडवर आणलीस. आधी फोन नाही, काही नाही. मी मशीनवर एका देवळाची समई धरली होती. नोकरी सुटल्यापासून माझं तेच चाललंय: समया, घंगाळी, होड्यांचे पंखे, कुणाच्या दाराच्या कड्या. बफिंगच्या मशीनवर दिवसभर धातू घासायचा आणि काळ्या नाकानं घरी जायचं. तू टेम्पोतून उतरलीस, ड्रायव्हरला फळी कशी लावायची ते सांगितलंस, आणि गाडी माझ्या दारात उभी करून म्हणालीस, "अंतू, ही घे."

ती गाडी मी वीस वर्षांत नीट पाहिली नव्हती. दोन स्ट्रोकची, पावणेदोनशे सीसीची, एके काळी प्रत्येक ग्रामसेवकाकडे असायची तसली. तुझ्या पडवीत ती समुद्राच्या वाऱ्याला उभी होती. लोखंडाचं काय व्हायचं ते झालंच होतं, पण खरी दशा अॅल्युमिनियमची होती. इंजिनाच्या दोन्ही कव्हरांवर, चाकांच्या हबवर, पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर पांढरी पूड फुलली होती, भाकरीला बुरशी यावी तशी. ती लपवायला कधीतरी कुणीतरी वरून चंदेरी रंग फासला होता आणि तोही पापुद्र्यांनी सुटत होता.

"हिचं काय करायचं?" मी विचारलं.

"नवी करायची."

"चालू करायची म्हणतेस?"

"चालू ती होईलच. मला ती नवी झालेली बघायचीय."

मी तुला समजावलं, सदुसष्टाव्या वर्षी, गुडघे असे असताना, तू ती चालवणार नाहीस. तू म्हणालीस, चालवायची कोण म्हणतंय, बघायची म्हटलं. आणि मग माझ्या स्टुलावर बसून तू जे बोललीस ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मला नवं काय मिळालं सांग. पुस्तकं चुलतबहिणीची. सायकल मामाची. क्वार्टर आधीच्या बाईची, तिच्या भिंतीवरच्या खिळ्यांसकट. गाडी घेतली तीसुद्धा त्या फॉरेस्टवाल्याकडून, चार वर्षं वापरलेली. ती दुकानात उभी असताना कशी दिसत होती, ते मी कधी पाहिलंच नाही. आता बघू दे."

मी पान्हे काढले.

माझं लग्न झाल्यापासून आपण एवढे कधी भेटलो नव्हतो. तू रोज दुपारी रिक्षानं यायचीस, डबा घेऊन. कुळथाचं पिठलं, भात, कधी बांगड्याचं तिखलं. वृंदा सुरुवातीला रागावली, "वन्सं रोज डबा आणतात म्हणजे मी काय उपाशी ठेवते की काय तुम्हाला?" मग तीही आपला डबा घेऊन यायला लागली आणि शेडमध्ये तीन पाटांची पंगत बसू लागली.

तुला कामाची घाई फार. मी रंग काढायचा रिमूव्हर लावून ठेवायचो आणि तू पाच मिनिटांत विचारायचीस, झालं का? एकदा मी बाहेर गेलो असताना तू मोरीत घालायचा सोडा आणून मागच्या हबची प्लेट त्यात बुडवलीस. मी आलो तेव्हा बादलीतून वाफा येत होत्या आणि आतलं पाणी सोडावॉटरसारखं उसळत होतं. प्लेट बाहेर काढली तर तव्यासारखी काळी.

"काय केलंस हे?"

"स्वच्छ करत होते. भांडी नाही का होत सोड्यानं?"

"अॅल्युमिनियम खातो तो. खातो म्हणजे खरोखर खातो, विरघळवतो. अजून दोन तास ठेवली असतीस तर चाळण मिळाली असती."

तू प्लेट उलटीसुलटी करून पाहिलीस आणि शांतपणे म्हणालीस, "मग आपण लवकर काढली म्हणायची." सतरा-अठरा वर्षांच्या पोरींना सुया टोचायला शिकवणारी बाई तू, चूक कबूल करणं तुझ्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून तू स्वतः पॉलिश पेपर हातात घेतलास आणि ती काळी प्लेट घासायला बसलीस. तीन दिवस घासलीस. तिसऱ्या दिवशी तुझ्या बोटांची सालं निघाली होती आणि प्लेट खालून पांढरी झाली होती.

हे काम कसं असतं ते मी तुला शिकवलं आणि तू माझ्यापेक्षा चांगलं शिकलीस, हे इथं लिहून ठेवतो. आधी दोनशेवीस नंबरचा पेपर, पाण्यात भिजवून, एका दिशेनं. मग चारशेचा, आडवा. आधीच्या पेपरची एकही रेघ दिसत असेपर्यंत पुढचा पेपर घ्यायचा नाही. मग सहाशे, मग हजार, मग पंधराशे. लोक इथंच फसतात. रेघा राहिल्या तरी मशीनवर जातील म्हणतात. मशीनवर रेघा जात नाहीत, चकाकतात. तू प्लेट उन्हात धरून, चष्मा कपाळावर चढवून, रेघा शोधायचीस आणि सापडली की मला दाखवायचीस, जशी काही मीच ओढलीय. मशीनवरून निघालेला काळा चिकटा पुसायला मी रॉकेल वापरायचो, तू घरून मैदा आणलास. मैद्यानं तो झकास निघतो. चाळीस वर्षं हातांनी काम करतोय, मला ते ठाऊक नव्हतं.

वाद आपला पहिल्याच आठवड्यात सुरू झाला. माझं म्हणणं होतं, कंपनीतून या गाड्यांची कव्हरं आरशासारखी कधीच येत नसत. जरा दबलेला, रेशमी उजेड असायचा त्यांना. जुनी गाडी करायची तर तशीच करावी. शिवाय आपली हवा खारी. आरसा केला तर महिन्याभरात धुरकटणार.

"कंपनीवाले तुझे कोण?" तू विचारलंस. "मला चकचकीत पाहिजे."

"महिन्याभरात जाईल म्हणतोय ना."

"मग दर महिन्याला पुसेन. आयुष्य पुसण्यात गेलंय माझं."

उजवं कव्हर शेवटी तुझ्या मनासारखंच केलं. शेवटची मऊ कापडी चकती फिरवून मी ते टेबलावर ठेवलं, तर तू पिशवीतून वर्तमानपत्र काढलंस आणि कव्हरासमोर उभं धरलंस. "वाच," म्हणालीस. अक्षरं उलटी होती, पण वाचता येत होती. आंब्याच्या मोहोराबद्दलची बातमी होती. तू ती अख्खी माझ्याकडून वाचून घेतलीस, शेवटच्या ओळीपर्यंत. मग पेपर घडी करून म्हणालीस, "पास."

तेव्हा तुझा चेहरा कसा दिसत होता ते मी सांगू शकतो, पण तू चिडशील. एवढंच म्हणतो, त्या दिवशी तू डबा न उघडताच घरी गेलीस आणि दुसऱ्या दिवशी तोच डबा परत घेऊन आलीस.

मग आलं डावं कव्हर.

डाव्या कव्हरावर, गिअरच्या मागे, एक लांबट गोल जागा होती. बाकी सगळ्या कव्हरावर पांढरी पूड आणि रंगाचे पोपडे, आणि तेवढीच जागा गुळगुळीत. चौदा वर्षं तू त्या गाडीवर अकरा वाड्या फिरलीस, प्रत्येक वेळी गिअर टाकताना तुझी टाच तिथं घासली. मला ती जागा दिसली आणि माझे हात थांबले. मी म्हटलं, ताई, बाकी सगळं तुझ्या मनासारखं करतो, पण ही खूण राहू दे. ही कुठल्याही पेपरनं, कुठल्याही मशीननं होणार नाही. ही तू केलेली आहेस.

तू वाकून पाहिलंस. "माझ्या टाचेची खूण माझ्या टाचेवर आहे," म्हणालीस. "गाडीवर कशाला?"

"लोक अशा खुणा जपतात."

"लोकांना जपू दे. मला नवी पाहिजे."

त्या दिवशी हा वाद तिथंच राहिला, कारण रंग निघाल्यावर कव्हराच्या खालच्या कडेला पुट्टी भरलेली दिसली. पुट्टी उकरली, तर आत तडा. चांगला वीतभर लांब.

"हा तडा कसला गं?" मी विचारलं.

"लांज्याहून येताना पडले होते, त्याचा."

"लांज्याला कशाला गेली होतीस?"

तू हातातला पेपर पाण्यात बुडवलास, बाहेर काढलास, पुन्हा बुडवलास.

"तुझ्यासाठी," म्हणालीस.

ताई, लांज्याचं नाव आपल्या दोघांत पस्तीस वर्षांत निघालं नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा होतो. मुलगी मी दोनदा पाहिली होती आणि मला ती आवडली होती. तिचं नाव इथं लिहीत नाही, तिला आता नातवंडं असतील. सगळं ठरत आलं आणि एक दिवस मध्यस्थ सांगत आला की त्यांचा नकार आहे. कारण काय, तर मुलाची थोरली बहीण बिनलग्नाची, आणि मोटारसायकलवरून रानोमाळ फिरते. मी तेव्हा तुला पत्र लिहिलं होतं. त्यात काय लिहिलं होतं ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. त्यानंतर तीन भाऊबिजा मी तुझ्याकडे आलो नाही. तू त्या पत्राला उत्तर दिलं नाहीस आणि मी समजलो की तुझ्याकडे उत्तर नाही.

शेडमध्ये त्या दुपारी तू सांगितलंस. नकार आल्यावर तू रजा टाकलीस आणि एकटी गाडीवरून लांज्याला गेलीस. मुलीच्या वडिलांनी तुला बसवलं, चहा दिला. माणूस वाईट नव्हता, असं तू दोनदा म्हणालीस. तो म्हणाला, बाई, आमचं एवढंच म्हणणं आहे. गाडी विका. आमच्या भावकीत ते चालायचं नाही. गाडी विकलीत की साखरपुड्याचा दिवस धरू.

"मग?" मी विचारलं.

"मग मी बसून राहिले. दुसरा चहा आला. विचार केला. आणि त्यांना सांगितलं, गाडी नाही विकणार."

मी हातातला पान्हा खाली ठेवला.

"का?"

"का म्हणजे? अकरा वाड्या होत्या माझ्याकडे. लसी पोचवायच्या..." तू मध्येच थांबलीस. चष्मा काढलास. "नाही. खोटं सांगतेय. आधीची बाई चालत जायची, मीही गेले असते. लस काय, डोक्यावरूनही नेता येते. मला गाडी आवडायची, अंतू. एवढंच. येताना उतारावर जरा डोळे भरून आले आणि पडले."

मी म्हटलं, पाणी संपलंय, आणतो. बादली घेऊन बाहेर गेलो. नळ सोडला, बादली भरली, वाहायला लागली, तरी उभा होतो. परत आलो तेव्हा तू डबे भरून ठेवले होतेस. मी रिक्षा थांबवून दिली. तू बसलीस.

पुढचे आठ दिवस मी त्या कव्हराला हात लावला नाही. तू रोज यायचीस. मी समया घासायचो. तू विचारायचीस, मी उत्तर द्यायचो, पान्हा कुठे, रॉकेल कुठे, एवढंच. तुला वाटलं असेल की मला ती मुलगी आठवत होती. तसं नव्हतं. मला ते पत्र आठवत होतं. तुझ्यामुळे लग्न मोडलं असा मी तुझ्यावर आरोप केला होता आणि तो आरोप खरा निघाला होता. पस्तीस वर्षं मी स्वतःला समजावत आलो होतो की मी उगीच बोललो, ताईचा काय दोष, लोकच तसे. तुझी मनातून माफी मागून मी मोकळा झालो होतो. आणि आता तू सांगत होतीस की नाही, दोष होता. माझं लग्न तू हातात धरून तोललंस आणि गाडीचं पारडं जड ठरवलंस. मला राग येत होता, आणि तुझ्या खरं बोलण्यापुढे तो ठेवायला जागा मिळत नव्हती.

आठव्या दिवशी तू स्टुलावरून उठलीस आणि म्हणालीस, "रागावला असशील तर रागाव. तुझा हक्क आहे. पण काम थांबवू नकोस."

मी कव्हर उचललं आणि आपण दोघं मिरकरवाड्याला नझीरकडे गेलो. नझीर बंदरावर होड्यांच्या इंजिनांची कव्हरं वेल्ड करतो, आर्गन गॅसवर. त्यानं कव्हर शेगडीवर तापवलं तेव्हा तड्यातून जुनं तेल उकळून बाहेर आलं, काळं, करपट वासाचं. तू नाकाला पदर न लावता बघत होतीस. त्यानं तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं.

"हे कशाला?" तू विचारलंस.

"नाहीतर तडा पुढं पळतो, ताई. टोकाला गोल भोक पाडलं की थांबतो."

"औषध नाही, ऑपरेशन," तू मला म्हणालीस. आठ दिवसांनी तू केलेला तो पहिला विनोद, आणि मी हसलो. तुला वाटलं असेल, मिटलं. मलाही वाटलं. रिक्षात मनात आलं, आता सांगावं. मग म्हटलं, कव्हर झालं की सांगू. दोघं बसू, तू पेपर धरशील, मी बातमी वाचीन आणि मग सांगीन.

आपण दोनशेवीसनं वेल्डची पाठ घासून सपाट केली. चारशे सुरू केला. मंगळवारी तू घरी गेलीस तेव्हा चारशेचं निम्मं झालं होतं. बुधवारी सकाळी तुझ्या शेजारणीचा फोन आला. आंघोळीचं पाणी तापत ठेवून तू खुर्चीत बसली होतीस आणि पाणी उकळून उकळून आटलं, तरी उठली नव्हतीस.

ते आठ दिवस मी वाया घालवले नसते तर कव्हर पुरं झालं असतं आणि तू ते पाहिलं असतंस. हा हिशोब सरळ आहे, कुणी मला वृंदासारखं समजावू नये की वेळ कुणाच्या हातात असते. ते आठ दिवस माझ्या हातात होते. आहे हे असं आहे. मी त्याच्यावर रडत बसणार नाही, पण ते झाकणारही नाही.

तुझे दिवस झाल्यावर मी शेड उघडली. नझीर भेटायला आला, बसला, कव्हर हातात घेऊन त्या गोल जागेवर अंगठा फिरवत राहिला. "आता तरी ही ठेवा, भाऊ," म्हणाला. "ताईंची एवढीच निशाणी राहिली." मी हो म्हणालो. त्याच्यासमोर मला खरोखरच तसं वाटलं.

तो गेल्यावर मी वृंदाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. लांजा, चहा, गाडी, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, ती म्हणेल, बरं झालं, नाहीतर मी कशी आले असते तुमच्या घरात. ती तसं काही म्हणाली नाही.

"माझ्यासाठी नाही काही केलं त्यांनी," ती म्हणाली. "मी त्यांना माहीतही नव्हते. त्यांनी स्वतःसाठी केलं. आणि मला विचाराल तर बरोबर केलं. बाईनं कधीतरी एखादी गोष्ट नुसती आवडते म्हणून ठेवावी."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय वाईट झालं?" तिनं विचारलं. खरं सांगतो ताई, मला एकही गोष्ट सांगता आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या गोल जागेवर दोनशेवीसचा पेपर लावला. कुणाला विचारलं नाही. खूण मला हवी होती, तुला नको होती, आणि गाडी तुझी होती. एवढा साधा प्रश्न होता तो, मी उगाच त्याचं देवघर करत होतो. पण तुझ्या टाचेनं माझी चांगलीच जिरवली. जागा नुसती घासलेली नव्हती, खोल गेली होती. वरवर घासलं असतं तर आरशात लाट दिसली असती. खळगा घालवायचा तर आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग तेवढा खाली आणायला हवा. तीन दिवस लागले. तुझी चौदा वर्षं काढायला तीन दिवस, हे काही फार नाही.

मग चारशे, सहाशे, हजार, पंधराशे. रेघा शोधायला चष्मा कपाळावर चढवला. काथ्याची चकती, मग कापडी. मैदा. वेल्डच्या जागी सुईच्या टोकाएवढी दोन छिद्रं राहिली, ती कशानंच गेली नाहीत. जुन्या ओतीव अॅल्युमिनियममध्ये तेल मुरलेलं असतं, ते वेल्डला थुंकायला लावतं. तू ती चालवून घेतली असतीस की मला पुन्हा नझीरकडे पिटाळलं असतंस, ठाऊक नाही. मी चालवून घेतली. पेपर समोर धरायला कुणी नव्हतं, म्हणून वृंदाला बोलावलं. तिनं धरला. लग्नपत्रिकांच्या छपाईची जाहिरात होती, मी फोन नंबरासकट वाचली.

कव्हर बसवलं, तेल भरलं, चौथ्या किकला गाडी सुरू झाली. चालू ती होईलच, असं तू म्हणाली होतीस, ते खरं होतं. धूर मात्र एवढा झाला की शेजारचा वेल्डर बादली घेऊन धावला.

तुझ्या उपकेंद्रातली आताची नर्स मला फोन करत होती. तिथं तुझा फोटो लावायचा होता, घरचं कुणीतरी यावं म्हणून. मी म्हटलं, येतो. रविवारी सकाळी वृंदाला मागे बसवलं आणि निघालो. हातखंब्याला हायवेवर पोलिसानं नुसती गाडी बघायला आम्हाला थांबवलं. पुढं वाडीचा रस्ता आता डांबरी झालाय, शेवटचा चढ तेवढा जांभ्या दगडाचा आहे. उपकेंद्रासमोरच्या दगडी पाखाडीपाशी गाडी उभी केली तेव्हा दहा-पंधरा बाया आधीच जमल्या होत्या. बहुतेक म्हाताऱ्या. एक पुढं आली, काठी टेकत, वाकून गाडीभोवती फिरली. पार्वतीबाई म्हणून कुणी, तिची तिन्ही बाळंतपणं तू केलीस म्हणे.

"ही कोनाची गाडी?" तिनं विचारलं.

"बाईंची."

"नाय. बाईंची गाडी मला म्हायती हाय. आमच्या खळ्यात उभी असायची. मळकी होती ती."

"तीच ही. बाईंनी अशी करून मागितली होती."

ती खाली बसली. डाव्या कव्हरावर बोट ठेवलं, उचललं, बोटाचा उमटलेला ठसा पदरानं पुसून काढला.

"बगितली त्यांनी?"

"उजवी बाजू बघितली."

"आनि ही?"

"ही नाही."

म्हातारी काठी टेकून उठली. मग तिनं नर्सला हाक मारली आणि सांगितलं, फोटो आत लावू नका एवढ्यात, भाईर आना. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी ऑफिसातली खुर्ची बाहेर काढली, गाडीच्या डाव्या अंगाला मांडली आणि तुझा फोटो तिच्यावर ठेवला. कुणी हात जोडले नाहीत. ऊन कव्हरावर पडलं होतं. बाया चहा प्यायल्या, एकमेकींच्या गुडघ्यांबद्दल बोलल्या, आणि बऱ्याच वेळानं पार्वतीबाई म्हणाली, "आता न्या आत."

फोटोशी बोलणारा माणूस मी नव्हे, तिथं काही बोललो नाही. ते इथं लिहितो.

ताई, मला ती मुलगी आवडली होती आणि माझा राग खरा होता. तो आता संपला आहे. त्या दिवशी लांज्याला दोन कप चहा पिऊन तू जे सांगितलंस ते बरोबर सांगितलंस. अकरा वाड्यांची गरज नव्हती, लसींची नव्हती. गाडी तुला आवडायची, तेवढं कारण पुरेसं होतं.